कासऱ्याचं दुसरं टोक

गेल्या दिवाळीत मेलबर्नहून आलेल्या भाचीनं मला भिंतीवर लावायचं एक कॅलेंडर आणून दिलं. "मामा, तुम्ही फोटोंवर लिहिता ना, मग यावर लिहून दाखवा," म्हणाली आणि हसली. हसण्याचं कारण पहिलं पान उलटल्यावर कळलं. ऑस्ट्रेलियातल्या अग्निशामक दलाच्या जवानांचं ते कॅलेंडर. १९९३पासून ते दर वर्षी निघतं. त्यातले जवान खरे असतात, आगीत शिरण्याचं काम करणारे. फोटोत मात्र त्यांच्या अंगात शर्ट नसतो. आगीच्या कामाची जाड विजार, खांद्यावरून सोडलेले तिचे पट्टे, तेल लावल्यासारखी चकाकणारी छाती आणि हातात एखादं जनावर. विक्रीचा पैसा चांगल्या कामांना जातो. लहान मुलांच्या रुग्णालयांना गेला आहे, जखमी वन्यप्राण्यांच्या देखभालीलाही. कुत्र्यांचं कॅलेंडर वेगळं, मांजरांचं वेगळं आणि जिथे सगळे प्राणी एकत्र येतात तिथे कोकरं, शिंगरं, पिल्लं हीसुद्धा हजेरी लावतात. आयर्लंडमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये तर खुद्द शेतकऱ्यांचीच अशी कॅलेंडरं निघतात.

आमच्या बडोद्याच्या घरात ते कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं. बायकोनं एवढंच म्हटलं, की निदान तारखा तरी मोठ्या आहेत. मी मात्र रोज चहा होईपर्यंत त्यासमोर उभा राहू लागलो आणि हळूहळू माझं हसू ओसरलं. मला त्यातलं एक कोकरू खटकायला लागलं. त्या जवानानं ते तान्ह्या मुलासारखं कुशीत धरलं होतं, पाठ खाली, पोट वर, चारही पाय हवेत. मी माणदेशातला. आमच्या भागात धनगरांचे वाडे रानात उतरायचे, तेव्हा नुकतंच जन्मलेलं कोकरू माणसं कशी उचलतात ते मी पाहिलं आहे. कधी पुढच्या दोन पायांना धरून जमिनीलगत लोंबतं नेतात, म्हणजे आईला त्याचा वास येत राहतो आणि ती मागोमाग चालते. कधी काखेत, घोंगडीच्या आत. पाठीवर उलटं कुणी धरत नाही. कोकराला ते आवडत नाही. चित्रातलं कोकरू आवडून घेत नव्हतंच. ते गप्प होतं आणि त्याची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, जवानाकडेही नव्हती. चौकटीच्या डाव्या कडेबाहेर कुठेतरी होती.

या लेखात मला त्या कडेबाहेरच्या जागेबद्दल लिहायचं आहे.

आधी एक प्रश्न उरकून घेतो, कारण वाचकाच्या मनात तो असणारच. उघड्या अंगाच्या देखण्या पुरुषाबरोबर जनावर हवंच कशाला? मला वाटतं, ते पुरुषासाठी हवं असतं. शर्ट काढून नुसताच उभा राहिलेला पुरुष आपल्याला थोडा हास्यास्पद वाटतो. तो स्वतःवर खूश आहे असं वाटतं आणि पाहणाऱ्यालाही त्याच्याकडे टक लावायला संकोच होतो. त्याच्या हातात कोकरू दिलं की दोघांची सोय होते. तो आता मिरवत नाहीये, कुणाची तरी काळजी घेतोय. आपणही त्याच्याकडे पाहत नाही आहोत, कोकराकडे पाहतो आहोत. बायकांच्या देहाची चित्रं शतकानुशतकं निमित्तावाचून निघाली. पुरुषाच्या देहाला अजून निमित्त लागतं. यात मला वाईट काही दिसत नाही. कॅलेंडर काढणाऱ्यांनी खेळ उघड मांडला आहे, पैसा कुठे जातो तेही उघड आहे आणि ते जवान बिचारे लाजत लाजत का होईना, मोकळेपणानं उभे आहेत.

पण चौकटीत एक जण असा आहे की ज्याला फोटो म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मॉडेल पोज देतो, जनावर देत नाही. म्हणून अशा फोटोत काय घडलं याचा खरा साक्षीदार जनावर असतं. त्याचे कान, त्याची नजर, त्याच्या गळ्यातली दोरी कुठे जाते आणि त्याच्या अंगावर पडलेला हात नेमका कुठे आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. हे पाहायला मला कुठल्या छायाचित्रकारानं शिकवलं नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं आणि तेही माझ्याच एका फोटोवरून. तो प्रसंग सांगायला मला संकोच वाटतो, पण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

१९९२ साली मी पुण्यात शिकत होतो. उंच होतो, रंगानं काळासावळा, मिशी नुकतीच दाट झालेली. ओळखीच्या एकाकडून निरोप आला, की पशुखाद्य तयार करणाऱ्या एका कंपनीला कॅलेंडरसाठी 'शेतकऱ्यासारखा दिसणारा' तरुण हवा आहे. तीनशे रुपये मिळणार होते. मी गेलो. शहराबाहेरच्या एका वस्तीवर एक खिल्लार बैल आणून ठेवला होता. पांढराशुभ्र, शिंगं मागे वळून वर गेलेली, वशिंड असं की पाहत राहावं. मला नवं कोरं धोतर नेसवलं, अंगात काही नाही, डोक्याला गुलाबी पटका. माझ्या कॉलेजी छातीवर कुणीतरी पाण्याचा फवारा मारला, म्हणजे घाम दिसावा.

बैलाचा मालक म्हातारा होता. तो कासरा धरून बैलाशेजारी उभा राहिला, कारण त्याला वाटलं फोटो त्याचाही आहे. "बाबा, जरा बाजूला," असं त्याला तीनदा सांगण्यात आलं. तो बाजूला झाला की बैल हलायचा. शेवटी तोडगा निघाला: म्हाताऱ्यानं माझ्या पायाजवळ, चौकटीच्या खाली डावीकडे उकिडवं बसायचं आणि तिथून कासरा धरायचा. तो तसा बसला. तासभर बसला. मधूनमधून जीभ टाळ्याला लावून टक् टक् आवाज करत राहिला आणि त्या आवाजावर तो अवाढव्य बैल देवळातल्या नंदीसारखा स्थिर उभा राहिला. मी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यानं बैलाचं शिंग धरलं आणि क्षितिजाकडे पाहिलं. निघताना मला पाकीट मिळालं, म्हाताऱ्याला पेंडीची एक गोणी.

कॅलेंडर छापून आलं. मी एक प्रत मोठ्या उत्साहानं गावी नेली. इथे सांगायला हवं, की दोन वर्षांपूर्वीच आबांनी आमची शेवटची बैलजोडी खरसुंडीच्या जत्रेत विकली होती आणि माझी पुण्यातली पहिली खानावळ, पहिली फी त्या पैशातून गेली होती. हे मला माहीत होतं. पण कॅलेंडर घेऊन जाताना आठवलं नाही. आबांनी ते दोन्ही हातांत धरलं, दाराच्या उजेडात नेलं, बराच वेळ पाहिलं.

"बैल चांगला हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "शिंगाला कशाला हात लावलास? शिंगाला गिऱ्हाईक हात लावतंय. धनी पोळीला लावतो."

पोळी म्हणजे बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी मऊ घडी. तिथे खाजवलं की बैल मान लांबवतो, डोळे मिटतो. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. फोटो काढताना हातानं ते विसरून टाकलं होतं.

आबांनी आणखी एक प्रश्न विचारला. "आन कासरा कुणाच्या हातात हाय?" मी पाहिलं. वेसणीतून निघालेला कासरा खाली डावीकडे जाऊन कागदाच्या कडेला तुटत होता. आणि बैल? बैल माझ्याकडे पाहत नव्हता. त्याचे दोन्ही डोळे, दोन्ही कान, त्या तुटलेल्या टोकाकडे लागले होते. म्हातारा छापला गेला नव्हता, पण बैलाच्या नजरेत तो अख्खा होता.

ते कॅलेंडर आबांनी भिंतीला लावलं नाही, फाडलंही नाही. कणगीच्या मागे ठेवून दिलं.

पुढे कितीतरी वर्षांनी इथल्या एका ग्रंथालयात यान आर्तुस-बेर्त्राँ या फ्रेंच छायाचित्रकाराचं 'बेस्तियो' हे पुस्तक हाती आलं, तेव्हा मला आबांचा तो प्रश्न आठवला. हा छायाचित्रकार जगभर ओळखला जातो तो आकाशातून काढलेल्या पृथ्वीच्या चित्रांसाठी. 'बेस्तियो'मध्ये तो हेलिकॉप्टरमधून उतरून खुरांच्या उंचीवर आला आहे. पॅरिसला दर वर्षी मोठं कृषिप्रदर्शन भरतं. तिथे देशभरातून निवडक गायी, वळू, मेंढ्या, डुकरं, घोडे येतात. त्यानं तिथे आडोसा करून मागे तपकिरी ताडपत्री टांगली, खाली तीच पसरली, स्टुडिओतले दिवे लावले आणि एकेक जनावर त्याच्या माणसासह बोलावलं. पुढे इंग्लंडमधल्या आणि अर्जेंटिनातल्या प्रदर्शनांतही त्यानं हेच केलं. प्रत्येक चित्रात ताडपत्री, जनावर, माणूस. बाकी गोठा नाही, कुरण नाही, ढग नाहीत.

ही चित्रं पाहताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की इथे मॉडेल कोण, याचं उत्तर उलटलं आहे. प्रदर्शनातल्या जनावराला उभं राहायला शिकवलेलं असतं. महिनोन्महिने मोरकी घालून त्याला चालवतात, थांबवतात, चारही पाय कसे ठेवायचे, पाठ सरळ कशी ठेवायची, मान किती वर ठेवायची याची सवय लावतात. त्याला धुतात, केस कातरतात, शेपटीचा गोंडा विंचरतात. म्हणजे कॅमेऱ्यासमोर येतं ते जनावर व्यावसायिक असतं. शेजारचा माणूस मात्र हौशी असतो. त्याला हातांचं काय करायचं कळत नाही. कुणी ताठ, कुणी ओशाळलेला, कुणी जनावराआड निम्मा लपलेला. टनभर वजनाचा वळू दरबारी चित्रातल्या सरदारासारखा उभा आणि बाजूला त्याचा धनी लग्नाच्या फोटोत उभ्या राहिलेल्या दूरच्या काकासारखा.

पण त्या अवघडलेल्या माणसाचा एक हात कधीच अवघडलेला नसतो. जो हात जनावरावर आहे, तो. एक जण वळूच्या नाकातली कडी दोन बोटांत अशी धरून उभा असतो, की जोर दिसत नाही, ओळख दिसते. कुणी डुकरिणीशेजारी जमिनीवर बसतो, कुणी मेंढीची हनुवटी तळव्यावर घेतो. हे हात कुणी बसवलेले नाहीत. माणूस संकोचला तरी हाताला आपलं काम माहीत असतं. आणि दोरी? ती चौकटीच्या बाहेर जात नाही. एक टोक जनावराच्या तोंडाशी, दुसरं माणसाच्या मुठीत. त्यामुळे जनावराच्या नजरेला बाहेर धावायचं कारण उरत नाही. या चित्रांत जी शांतता आहे, ती मला वाटतं तिथून येते. दिव्यांमधून किंवा ताडपत्रीतून नाही.

तरी पुस्तक मिटल्यावर एक खंत राहतेच. ताडपत्री फार स्वच्छ आहे. या जनावरांपैकी बहुतेकांचा प्रवास शेवटी कुठे होतो, ते ती ताडपत्री झाकते. प्रदर्शन जातीचं असतं, वंशाचं असतं. त्यात बक्षीस मिळवणारं जनावर असतं, आजारी, भाकड, पडेल जनावर नसतं. आणि जो मोरकी धरून उभा आहे तो मालक की मजूर, हे आपण चेहऱ्यावरून ओळखू शकत नाही. 'बेस्तियो' हे थोर काम आहे, पण ते उत्सवाचं काम आहे. पोळ्याच्या दिवशी बैल पाहून उरलेल्या वर्षाची कल्पना करू नये, तसं.

जनावर शेवटी कुठे जातं, हे न लपवणारं एक शिल्प याहून फार जुनं आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर १८६४ साली सापडलेला 'मॉस्कोफोरोस', म्हणजे वासरू वाहून नेणारा. इसवी सनापूर्वी सुमारे ५६०चा. ते फोटोत पाहिलं तरी आजचं कॅलेंडर त्याच्यापुढे नक्कल वाटतं. दाढी राखलेला बांधेसूद पुरुष, अंगावर पातळ वस्त्र आहे पण छाती-पोट उघडंच. दोन्ही खांद्यांवरून मानेमागे घेतलेलं वासरू. त्याचे हात आणि वासराचे पाय छातीवर एकमेकांना छेदून फुलीसारखी आकृती होते. ओठांवर त्या काळच्या मूर्तींवर असतं तसं बंद हसू. खालचा लेख सांगतो, की ही मूर्ती ऱ्होम्बोस नावाच्या माणसानं अर्पण केली. मूर्ती त्याचीच असावी असं सर्वसाधारण मत आहे. म्हणजे पैसे देणारा, वासरू वाहणारा आणि मॉडेल, तिन्ही एकच.

या वासराला दोरी नाही. माणसाचे हातच दोरी झाले आहेत. आणि ते जातंय ते देवीला बळी म्हणून. हे कळल्यावर त्या दोन डोक्यांची जवळीक सहन होत नाही. वासराचा चेहरा माणसाच्या चेहऱ्याला जवळजवळ लागलेला, दोघांचीही नजर समोर. पुढच्या काळात हीच ठेवण ख्रिस्ती कलेनं उचलली, खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ झाला आणि बळी देणारा वाचवणारा बनला. कॅलेंडरमधला कोकरूवाला जवान त्याच घराण्यातला. त्याच्या पेशाला ते शोभतंही. लोकांना आगीतून उचलून बाहेर आणणं हेच त्याचं काम. फरक इतकाच, की ऱ्होम्बोसनं आपल्या हातांचा अर्थ दगडावर कोरून ठेवला आणि कॅलेंडरला तो पुसून टाकावा लागतो. मऊ कोकरू आणि ताटातलं कोकरू एका भिंतीवर राहू शकत नाहीत.

मी हे लिहितोय ते जणू देखणा पुरुष आणि जनावर ही जोडी बाहेरच्यांचीच आहे अशा थाटात. पण जगात या जोडीचं सगळ्यात जास्त वेळा छापलेलं चित्र बहुधा आपल्याच घरांत लागलेलं असेल. तरुण, सावळा, उघड्या अंगावर दागिने, ओठांशी बासरी आणि मागे गाय. राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि देव शिळाछापावर घरोघर आले. मग आपले रघुवीर मुळगावकर, एस. एम. पंडित, पुढे शिवकाशीचे छापखाने. कजरी जैन यांनी या कॅलेंडर-कलेवर २००७ साली आलेल्या ग्रंथात हा सगळा व्यापार उलगडून दाखवला आहे: दुकानदार, पेढ्या, खतांच्या आणि बियाण्यांच्या कंपन्या वर्षअखेरीस गिऱ्हाइकांना काय वाटत होत्या आणि का. माझ्या धोतर-पटक्याच्या फोटोचे आजे-पणजे तिथे आहेत. पशुखाद्याच्या कंपनीला माझ्यात शेतकरी दिसला नव्हता; तिला कृष्णाची जागा भरायची होती.

या चित्रांमधल्या गायीकडे नीट पाहा. गळ्यात घंटा असेल, हार असेल, शिंगांना सोन्याच्या शेंब्या असतील. दावं मात्र मी क्वचितच पाहिलं आहे. तिचा मालक चौकटीबाहेर बसलेला नाही, कारण तिची नजर बाहेर जातच नाही. ती मान वर करून बासरीवाल्याकडे पाहते. कॅलेंडरवाल्यांनी इथे एक अशक्य गोष्ट रंगवली आहे: जनावर जे न बांधता थांबलं आहे. आणि गंमत अशी, की ज्या गोष्टीत दावं येतं, तिथे ते गायीला नाही. यशोदा चिडते आणि पोराला उखळाला बांधू पाहते. दोर दर वेळी दोन बोटं कमी पडतो. अखेर तो स्वतः बांधून घेतो. म्हणून तो दामोदर. दाम म्हणजे आपलं दावंच, शब्दही तोच आहे. गाय मोकळी आणि देव बांधलेला. ज्यांनी दिवसभर दावी सोडली-बांधली असतील, अशा माणसांनाच ही गोष्ट सुचली असणार.

आता चित्र पुन्हा पालटलं आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये न्यायालयानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर गावी गेलो की चौकाचौकात फ्लेक्स दिसतात. काळे गॉगल लावलेली तरणी पोरं, पांढरे बूट, मध्ये बैल. बैलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा पाहिल्या. शहरातले मित्र यावर हसतात. मी हसत नाही. फ्लेक्सवर बैलाचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं, खाली मालकाचं आणि बहुतेक वेळा कासरा कुणाच्या तरी हातात स्पष्ट दिसतो. 'बेस्तियो' न पाहिलेल्या पोरांनी आपापली ताडपत्री टांगली आहे. त्या बैलाला शर्यतीत काय सोसावं लागतं तो वाद वेगळा आणि गंभीर आहे. पण फोटोपुरतं बोलायचं तर हा फोटो आपण कुणाच्या जिवावर उभे आहोत ते लपवत नाही.

लेख इथे संपवायचा विचार होता. पण मागच्या महिन्यात गावाहून चुलतभावानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच्याकडे आता बैल नाहीत, दोन संकरित गायी आहेत. एका गायीच्या विम्यासाठी मालकासह फोटो हवा होता, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा. "तू फोटोतला माणूस. नंबर नीट दिसतो का सांग," असं त्यानं लिहिलं होतं.

आज आपल्या देशात शेतकरी आणि जनावर यांचे सर्वांत जास्त फोटो बहुधा याच कारणासाठी निघत असतील. आणि त्यांच्यावर आम्ही टीकाकार कधी लिहीत नाही. फोटो मोठा करून पाहिला. भाऊ ताठ उभा, वरून टोपी अर्धी कापलेली. एका हातानं त्यानं गायीचा कान कॅमेऱ्याकडे ओढून धरला होता, अंगठा बिल्ल्याच्या कडेला. दुसरा हात पोळीवर. संकरित गायीला पोळी अशी फारशी नसते, तरी हात बरोबर तिथेच गेला होता. आबा असते तर मान हलवली असती.

नंबर वाचता येत होता. मग सवयीनं मी कासरा शोधला. तो गायीच्या तोंडापासून निघून उजवीकडे गेला होता, भावाच्या हातात नव्हता. कडेला, जिथे फोटो संपतो तिथे, एक मनगट होतं आणि त्यात हिरव्या बांगड्या. गाय त्या बांगड्यांच्या दिशेनं पाहत होती. पहाटे उठून वैरण टाकणारी, शेण काढणारी, धार काढणारी वहिनी तिथे उभी होती. गाय हलू नये म्हणून. आणि मला आमचा गोठा आठवला. बैलांना संध्याकाळी आंबोण कोण ठेवायचं, खांदेमळणीला हळद आणि तूप कोण कालवायचं? आबांनी मला कासरा पाहायला शिकवलं, पण त्यांच्या बैलांच्या एकाही गोष्टीत आई नव्हती आणि मीही या लेखात इथपर्यंत तिचं नाव न घेता आलो.

मी भावाला कळवलं: नंबर चांगला दिसतो, पाठवून दे. आणि मागोमाग लिहिलं: आणखी एक काढ, वहिनी मध्ये उभ्या राहतील असा, मला हवा आहे.

थोड्या वेळानं उत्तर आलं. "तिचा कशाला? गाय माझ्या नावावर हाय."